लग्न लावणारा

आजी दारातच थांबल्या. चपला काढता काढता म्हणाल्या, "पास्टरजी, आमच्या पोरीचं लगन तुमीच लावून द्या बरं. दुसऱ्या कोनाले मी सांगत नाही."

मे महिन्यातली दुपार होती. अशा वेळी नागपूरच्या नंदनवनातली आमची गल्ली दारं-खिडक्या लावून पडलेली असते. ग्रेट नाग रोडवरची वर्दळही कमी झालेली असते आणि घराघरातून फक्त कूलरची घरघर ऐकू येते. आजींच्या मागे नात उभी होती आणि नातीच्या मागे तिचा होणारा नवरा. त्याच्या हातात प्लास्टिकची फाईल होती. जन्मदाखले, बाप्तिस्म्याचे दाखले, आधार कार्डांच्या झेरॉक्स, फोटो, सगळं क्रमाने लावलेलं. मी पाणी दिलं, कागद चाळले आणि "लावतो की" असं म्हणायला तोंड उघडलं. शब्द ओठांवर आला आणि दरवेळेसारखा तिथेच थबकला.

आपल्या भाषेत दिवा लावतात, झाड लावतात, दार लावतात आणि लग्नही लावतात. पण दिवा लागतो, झाड लागतं, तसं लग्नही लागतं. लावणारा वेगळा आणि लागणारं वेगळं. झाड लावणारा खड्डा खणतो, माती ओढतो, पाणी घालतो. मूळ धरायचं काम त्याच्या हातात नसतं, ते झाडालाच करावं लागतं. लग्न या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थही चिकटलेलं, जडलेलं असाच आहे. भाषेने हे इतकं उघड सांगून ठेवलेलं असताना मला ते कळायला चौदा वर्षं लागली, आणि त्यासाठी सातासमुद्रापार जावं लागलं.

1984 साली पाळक म्हणून माझी दीक्षा झाली. वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. 29 नोव्हेंबर 1970 रोजी सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा मंडळ्या एकत्र आल्या आणि उत्तर भारताची मंडळी, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, स्थापन झाली. त्या दिवशी वडिलांनी मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून तिथे नेलं होतं. मी बारा वर्षांचा होतो. मला आठवते ती गर्दी, आणि वडिलांनी माझं मनगट घट्ट धरलेलं. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल परंपरेची युनायटेड चर्च, बॅप्टिस्ट, ब्रदरन, मेथडिस्ट आणि डिसायपल्स, अशी सहा घराणी त्या दिवशी एका छपराखाली आली. बाप्तिस्मा कुणी लहानपणी देत होतं, कुणी मोठेपणी. बिशप कुणाकडे होते, कुणाकडे नव्हते. रीती वेगळ्या, प्रार्थनेची पुस्तकं वेगळी. लग्नाच्या बाबतीत मात्र सगळ्यांच्या उपासनेचा गाभा एकच होता: दोन माणसं, समोरासमोर, एकमेकांशी बोललेले शब्द. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, कारण पुढे ती उपासना मीच शेकडो वेळा चालवणार होतो.

सुरुवातीच्या वर्षांत मला माझ्या आवाजाचा अभिमान होता. उन्हाळ्याच्या मोसमात एका दिवशी दोन-तीन लग्नं असत. 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे, खास परवानगी नसेल तर, लग्न सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळेतच लागायला हवं. उन्हापायी लोक चारच्या आधी यायला तयार नसत, आणि साताच्या आत सगळं उरकायचं असे. आदल्या दिवशीच्या हळदीने नवरीचे हात अजून पिवळे, अंगावर पांढरी साडी, गळ्यात घालायच्या मंगळसूत्रात दोन वाट्यांच्या मध्ये छोटासा क्रूस. 'उपासना संगीत'मधलं गीत संपलं की मी पुढे होई. "मी म्हणतो तसं म्हणा" असं सांगून प्रतिज्ञेचे तुकडे पाडी, आणि नवरदेवाच्या तोंडून एक तुकडा पुरता बाहेर पडायच्या आत दुसरा त्याच्या हातात ठेवी. तो अडखळला तर मीच वाक्य पुरं करी. नवरीच्या बाबतीत तर बहुतेक वेळा ओठ हलले की पुरे. मागच्या बाकापर्यंत आवाज पोचे तो माझा. लोक बाहेर पडताना म्हणत, पास्टर साहेबांनी काय छान लग्न लावलं! मलाही ते खरं वाटे.

1998 मध्ये मंडळ्यांमधल्या देवाणघेवाणीतून मला दोन वर्षांसाठी स्कॉटलंडला पाठवलं गेलं. दक्षिणेकडच्या बॉर्डर्स भागातली एक छोटी मंडळी, दगडी चर्च, चहूबाजूंना मेंढ्यांची कुरणं. दीडशे वर्षांपूर्वी ज्या देशातून मिशनरी नागपूरला आले, त्या देशात नागपूरचा पाळक मिशनरी म्हणून चालला होता. निघताना वडील म्हणाले होते, "शिकवायला जातोस तसा शिकायलाही जा."

तिथलं माझं पहिलं लग्न ऑक्टोबरमध्ये होतं. परदेशी पाळक म्हणून मला रजिस्ट्रार जनरलकडून त्या लग्नापुरती तात्पुरती परवानगी घ्यावी लागली. आदल्या रात्री मी तिथला 1977 चा विवाह कायदा पुन्हा वाचून काढला. लग्नाआधी सरकारी कचेरीतून 'मॅरेज शेड्यूल' नावाचा एक कागद मिळतो. तो पाळकाच्या हातात पडल्याशिवाय लग्न सुरू करता येत नाही. लग्न लागल्यावर त्यावर नवरा, नवरी, दोन साक्षीदार आणि पाळक अशा पाच सह्या होतात, आणि तीन दिवसांच्या आत तो कचेरीत परत जातो. कायद्याला उपासनेतल्या दोनच गोष्टी हव्या असतात. दोघांनी एकमेकांसमोर, पाळक आणि दोन साक्षीदारांच्या देखत, आम्ही एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारतो असं जाहीर करायचं. ते झाल्यावर पाळकाने हे पती-पत्नी आहेत असं जाहीर करायचं. क्रम ठरलेला आहे. आधी ती दोघं, मग मी.

सरावाच्या दिवशी सेशन क्लार्क, म्हणजे मंडळीच्या सभेच्या चिटणीस, एक निवृत्त शिक्षिका, माझ्या शेजारी उभ्या होत्या. सराव संपल्यावर त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुम्ही फार लवकर मदतीला धावता." एवढंच बोलून त्या दिवे मालवायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी पाऊस होता. छपरावरच्या पाटीच्या दगडांवर तो सारखा वाजत होता. नवरदेव मेंढपाळ घरातला, नवरी इस्पितळात नर्स. तिचं बोलून झालं, आता त्याची पाळी. पहिले दोन तुकडे त्याने माझ्यामागून म्हटले. तिसऱ्यावर त्याचा गळा दाटून आला आणि तो थांबला. पुढचे शब्द माझ्या जिभेवर तयार होते. चौदा वर्षांची सवय होती ती. समोर बघितलं तर क्लार्कबाई पहिल्या बाकावर बसल्या होत्या आणि माझ्याकडे रोखून बघत होत्या. मी तोंड मिटलं.

तेवढा वेळ सारं चर्च गप्प होतं, कुणी खोकललंही नाही. नवरीने त्याला काही सुचवलं नाही. तिने फक्त अंगठा त्याच्या बोटांच्या सांध्यांवरून फिरवला. थंडीत आणि लोकरीच्या कामात ते सांधे उलले होते, त्यातल्या एकावर काळी रेघ पडली होती. मग त्याने मान वर केली आणि पहिल्या शब्दापासून पुन्हा सुरुवात केली. सगळी प्रतिज्ञा, शेवटपर्यंत, माझ्या एकाही तुकड्याशिवाय. तो माझ्याकडे बघत नव्हता. मी हातात पुस्तक धरून उभा होतो आणि त्या घटकेला त्या दोघांना माझी कसलीही गरज नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा मी एक लग्न लागताना पाहिलं.

बाहेर पडताना त्याने मोटारीच्या खिडकीतून मूठभर नाणी मुलांकडे उधळली. त्या भागात याला 'स्क्रॅम्बल' म्हणतात. ओल्या रस्त्यावर पोरांची झुंबड उडाली. वरातीत नवरदेवावरून ओवाळून टाकलेले पैसे वेचायला धावणारी आमच्याकडची पोरं मला आठवली, आणि एवढ्या लांबच्या गावात अचानक घरी असल्यासारखं वाटलं.

नंतर क्लार्कबाईंनीच मला सांगितलं की लग्न त्या दोघांच्या शब्दांनीच लागतं ही समजूत त्यांच्या देशात फार जुनी आहे. मध्ययुगीन पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारात लग्नाचा पाया म्हणजे दोघांची संमती. 1563 मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने पुरोहित आणि साक्षीदार हजर असल्याशिवाय लग्न वैध नाही असं ठरवलं. पण स्कॉटलंडने त्याआधी तीन वर्षं पोपची सत्ता झुगारली होती, म्हणून तो नियम तिथे आलाच नाही आणि जुनी रीत टिकली. दोघांनी वर्तमानकाळात, आत्ता, एकमेकांना स्वीकारलं की लग्न झालं. इंग्लंडने 1753 मध्ये कायदा कडक केल्यावर तिकडची पळालेली जोडपी सरहद्द ओलांडून ग्रेटना ग्रीनच्या लोहारासमोर उभी राहू लागली ती याच जोरावर. ती वाट बंद झाली 1940 मध्ये. लोहाराच्या ऐरणीत काही सामर्थ्य नव्हतं. त्या दोघांनी मनापासून उच्चारलेल्या शब्दांत होतं.

स्कॉटलंड सोडायच्या आधी मी डन्सला जाऊन आलो. स्टीफन हिस्लॉप यांचं हे गाव. 1817 मध्ये तिथे जन्मलेला हा माणूस स्कॉटलंडच्या मंडळीत 1843 मध्ये पडलेल्या फुटीनंतर फ्री चर्चमध्ये गेला, लग्न करून पत्नीसह बोटीत बसला आणि 1845 मध्ये नागपूरला पोचला. नागपूरकरांना हे नाव 1883 मध्ये सुरू झालेल्या हिस्लॉप कॉलेजमुळे माहीत आहे. भूगर्भशास्त्राच्या अभ्यासकांना हिस्लोपाइट या खनिजामुळे आणि इथल्या खडकांतल्या जीवाश्मांमुळे. मला मात्र त्या गावच्या चौकात उभं असताना त्यांचं एक वेगळंच काम आठवत होतं.

हिस्लॉपनी गोंडांविषयीची टिपणं वर्षानुवर्षं जमवली. परधान, म्हणजे गोंडांचे भाट, यांच्या तोंडून त्यांचा पुराणपुरुष लिंगो याची लांबलचक गाथा गोंडीत जशीच्या तशी उतरवून घेतली. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून घोड्यावरून परतताना पुराने भरलेल्या ओढ्यात ते बुडाले. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी 1866 मध्ये छापले, म्हणून ते वाचले. त्या गाथेचा शेवटचा भाग लिंगोने गोंडांमध्ये लग्नाची रीत कशी घालून दिली याचा आहे. परक्या देशातून आलेला पाळक इथे येऊन स्वतःच्या धर्माची लग्नं लावत होताच. पण इथल्या लोकांचं लग्न कसं लागतं हे त्याने आधी कान देऊन ऐकलं, त्यांच्या शब्दांत लिहून घेतलं. मिशनरी म्हणजे बोलायला आलेला माणूस अशीच माझीही समजूत होती. ऐकणारा मिशनरी मला डन्सच्या त्या चौकात भेटला.

त्याच स्कॉटिश मिशनच्या पुण्यातल्या शाळेत जोतीराव फुले शिकले. ख्रिस्ती विवाह कायदा झाला त्याच्या पुढच्याच वर्षी, 25 डिसेंबर 1873 रोजी, पहिलं सत्यशोधक लग्न लागलं, पुरोहितावाचून. फुल्यांनी लिहिलेल्या मंगलाष्टकांत वधू आणि वर स्वतःच्या तोंडाने एकमेकांशी बोलतात, आणि वधू स्त्रियांच्या हक्कांचं वचन मागते. मिशनच्या शाळेतून त्यांनी नेमकं काय घेतलं हा अभ्यासकांचा विषय. मला एवढंच दिसतं की नवरीचा आवाज ऐकू यायला हवा, ही गोष्ट त्या माणसाला माझ्याआधी सव्वाशे वर्षं कळली होती. आमच्या नंदनवनात शेजारच्या बौद्ध घरातलं लग्न असतं तेव्हाही मी बघतो. त्रिशरण-पंचशील झाल्यावर मुलगा-मुलगी बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर उभं राहून स्वतः प्रतिज्ञा घेतात. मंडपातली लहान मुलंही तेवढ्यापुरती शांत होतात.

स्कॉटलंडहून परतलो आणि पुन्हा कामाला लागलो. तीनेक वर्षांनी एक बाई मला भेटायला आल्या. मी त्यांचं लग्न लावलं होतं, माझ्या अगदी सुरुवातीच्या वर्षांत. संसार मोडला होता. मुलाला घेऊन त्या माहेरी राहत होत्या आणि त्यांना लग्नाच्या नोंदीचा उतारा हवा होता. मी रजिस्टर काढलं. त्यांची सही होती, साक्षीदारांच्या होत्या, माझी ठळक सही होती. उतारा लिहीत असताना त्या शांतपणे म्हणाल्या, "पास्टर साहेब, मी त्या दिवशी हो म्हटलंच नव्हतं."

माझा पेन थांबला.

"घरच्यांनी ठरवलं होतं. मला वाटलं होतं, चर्चमध्ये तुम्ही विचाराल तेव्हा नाही म्हणेन. तुम्ही विचारलंत. पण थांबला नाहीत. माझी मान खाली गेली आणि तुम्ही पुढे गेलात."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला तो दिवस आठवत नव्हता, तेच सगळ्यात वाईट होतं. तीन लग्नांपैकी एक असेल. घड्याळ साताकडे सरकत असेल. मी माझ्या भरदार आवाजात एका मुलीचं उत्तर झाकून टाकलं होतं. मी त्यांची क्षमा मागितली. उतारा घेऊन त्या उठल्या, दारात क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "आता विचारता का थांबून?" मी हो म्हटलं. आजवर कुणाला दिलेल्या शब्दांपैकी तो शब्द मला सगळ्यात जड वाटतो.

आपल्या ख्रिस्ती विवाह कायद्यातल्या शपथेची सुरुवात कशी होते हे त्यानंतर मी नव्याने वाचलं. नवरा किंवा नवरी आधी एकमेकांकडे वळतच नाहीत. इथे हजर असलेल्या माणसांना मी साक्षी ठेवतो, ठेवते, असं म्हणून बोलायला सुरुवात होते. साक्षी म्हणजे ज्याने डोळ्यांनी पाहिलं आणि कानांनी ऐकलं तो. ज्याला ऐकूच आलं नाही तो साक्षी कसला? पाळक हा त्यातला पहिला साक्षीदार. त्याने फक्त जागा करून द्यायची, विचारायचं, आणि मग उत्तर येईपर्यंत उभं राहायचं. उत्तर न येण्याचीही तयारी ठेवायची. हे उभं राहणंच त्याचं काम आहे.

आमच्या वस्तीचं नाव इंद्राच्या बागेवरून पडलेलं. शास्त्रातलं पहिलं लग्नही बागेतच झालं, एदेन बागेत. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव स्त्रीला पुरुषाकडे घेऊन येतो आणि मग देवही काही बोलत नाही. पुरुष आपणहून, आपल्या शब्दांत बोलतो. त्याच्याकडून कुणी म्हणवून घेत नाही. लग्नाच्या उपासनेत हा भाग मी इतक्या वेळा वाचला, पण देव तिथे गप्प राहतो हे मला नंदनवनात म्हातारपणी दिसलं.

म्हणून त्या दुपारी आजींना मी म्हणालो, "आजी, लग्न हीच दोघं लावतील. मी साक्षीला उभा राहीन." आजींना ते फारसं पटलं नाही. मग मी नातीला आणि त्या मुलाला वेगवेगळं बसवलं, दोघांशी बराच वेळ बोललो. तिला आजींच्या माघारी विचारलं. ती हसून म्हणाली, "मीच निवडलाय ना जी त्याला." प्रतिज्ञेचा कागद दोघांना दिला आणि सांगितलं, पाठ करून या. अडलात तर मी सांगणार नाही, वाट बघीन.

पुढे तीन रविवार मंडळीत लग्नाची सूचना वाचली गेली. कुणाची हरकत आली नाही.

लग्नाच्या दिवशी पारा चढलेला होता. दोन मोठे कूलर भिंतीला लावले होते आणि त्यांच्या आवाजात गीतही नीट ऐकू येत नव्हतं. प्रतिज्ञेची वेळ आली तेव्हा मी दोन्ही कूलर आणि पंखे बंद करायला सांगितले. गेली वीस वर्षं मी हे करतो, लोकांना आता माहीत आहे. बाकांवर थोडी चुळबुळ झाली, पदर आणि पत्रिका वारा घ्यायला हलू लागल्या. मग तीही थांबली. बाहेर कुठेतरी भाजीवाल्याची हाक विरत गेली.

मुलगा बोलला. जरा घाईत, पण नीट. मग ती. पहिलं वाक्य झालं आणि दुसऱ्यावर ती थांबली. तिच्या कपाळावरून घामाचा एक थेंब भुवईपर्यंत आला. मी पुस्तक मिटून छातीशी धरलं होतं. मुलगा तिच्याकडे बघत होता. मला त्या ओल्या छपराखालचा मेंढपाळ आठवला, आणि मान खाली गेलेली ती मुलगी आठवली, जिच्यासाठी मी थांबलो नव्हतो. किती वेळ गेला ते मला ठाऊक नाही. वाटलं असतं तर तिला त्या वेळात परतही फिरता आलं असतं.

तिने श्वास घेतला आणि उरलेली सगळी वाक्यं म्हटली, स्वच्छ आवाजात, मागच्या बाकापर्यंत पोचतील अशी.

पहिल्या बाकावरून आजी मोठ्याने म्हणाल्या, "आयकलं माय, आयकलं."